पट्टीवरचा लॉगरिदम

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर आजही सूचना असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. म्हणजे लॉगरिदम आपल्या मुलांच्या हातात अजून आहे. तो डोळ्यांना दाखवणारा स्लाइड रूल मात्र कुठल्याच दप्तरात उरलेला नाही. मला त्याची मनापासून हळहळ वाटते.

सत्तरच्या दशकात माझा दादा इंजिनिअरिंगला होता. त्याचा स्लाइड रूल जपानी, हेम्मीचा. आत बांबू, वरून पांढरं सेल्युलॉइड. दमट हवेतही बांबू फुगत नाही, मधली पट्टी अडकत नाही. त्यावरचे 1 ते 10 आकडे सारख्या अंतरावर नव्हते. 25 सेंटिमीटरांत 1 ते 2 हे अंतर साडेसात सेंटिमीटर, तर 9 ते 10 सव्वा सेंटिमीटरही नाही. सरकत्या पट्टीचा 1 खालच्या 2 वर आणायचा, वरच्या 3 खाली पाहायचं: 6. लांबीची बेरीज केली की आकड्यांचा गुणाकार होतो! नेपियरने 1614 मध्ये लॉगरिदम मांडले आणि पुढच्याच दशकात ऑट्रेडने अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. शाळेत पावकी, निमकी घोकलेल्या मला हे पाहताना अंगावर काटा आला होता.

पण पट्टी दशांशचिन्ह सांगत नाही. 38 गुणिले 0.21 केलं, तर ती फक्त 798 दाखवते. म्हणून दादा आधी पुटपुटायचा, ‘चाळीसचा पाचवा हिस्सा, आठ.’ मग 7.98 लिहायचा. उत्तर साधारण केवढं यावं, हे आधी माणसानं ठरवायचं, नंतर पट्टीकडे पाहायचं. पुलाचं किंवा यंत्राचं गणित करणाऱ्याला ही सवय फार मोलाची.

पुढे एका नातेवाइकांनी परदेशातून कॅल्क्युलेटर आणला. लाल चमकते आकडे पाहायला अख्खी चाळ जमली. तिकडे 1972 मध्येच एचपी-35 बाजारात आला होता, किंमत 395 डॉलर. साइन, कोसाइन, लॉग, सगळं बटणावर. काही वर्षांतच स्लाइड रूलचे कारखाने थंडावले. कॅल्क्युलेटर अचूक, वेगवान. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. फक्त त्याच्या पोटात काय चाललंय, ते दिसत नाही.

अकरावीला लॉगरिदम शिकवताना तो पट्टीवर दाखवायला खर्चही नाही. पुठ्ठ्याच्या दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या कापाव्यात. डावीकडच्या टोकाला 1. तिथून 30 मिलिमीटरवर 2, 48 वर 3, 60 वर 4, 70 वर 5, 78 वर 6, 90 वर 8. ही अंतरं मुलांनीच लॉग टेबलमधून काढावीत. मग एक पट्टी दुसरीवर सरकवून 2 गुणिले 4 शोधायला सांगावं. एक तास पुरतो.