साडेआठ म्हणजे नक्की किती?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचा मूड आहे. विषय : सायफाय मालिका आणि त्यांच्या कपाळावर चिकटवलेले आकडे. 'काय बघतोयस?' असं विचारलं की हल्ली नाव नंतर येतं, आकडा आधी. 'साडेआठ आहे रे, बघच!' आणि साडेसहा असेल तर माणूस ओशाळून सांगतो, चोरी पकडल्यासारखा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा मालिका कशी आहे ते सांगत नाही. भांडणात कुठल्या बाजूला जास्त माणसं जमली, तेवढं सांगतो.

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मालिका सुरू झाल्या. 'द ऑरव्हिल' आणि 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी'. पहिली म्हणजे स्टार ट्रेकची प्रेमाने केलेली नक्कल, दुसरी अधिकृत वारस. समीक्षकांनी डिस्कव्हरीला उचलून धरलं आणि ऑरव्हिलला झोडपलं. प्रेक्षकांच्या आकड्यांत बरोब्बर उलटं. झालं, मिळाला दारूगोळा! आमच्या कॉलेजच्या कंपूत निम्मे सातारचे, निम्मे सांगलीचे. कंदी पेढे की भडंग यावर चार वर्षं भांडून दमलेली ही पोरं पुण्यात नोकरीला लागली आणि या नव्या आखाड्यात उतरली. सातारकर डिस्कव्हरीचे, सांगलीकर ऑरव्हिलचे. पुरावा दोन्हीकडे एकच, टक्केवारी. बघितलंय किती? एकाने ट्रेलर. दुसऱ्याने यूट्यूबवर कुणाची तरी अर्धा तास चिडचिड. धन्य!

आता ही टक्केवारी काय चीज असते ते बघा. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांची जी टक्केवारी दिसते ते मार्क नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच ते. दहाच्या दहा जण 'ठीक आहे, चालून जाईल' म्हणाले तर शंभर टक्के. सात जण वेडे झाले आणि तिघांनी नाक मुरडलं तर सत्तर. मला तर सत्तरवाली बघायला आवडेल! प्रेक्षकांच्या सरासरीची तीच कथा. निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी सहा दिले तर साडेपाच. निम्म्यांनी दहा आणि निम्म्यांनी रागाने एक दिला तरी साडेपाचच. नुसता मीन सांगून स्टँडर्ड डेव्हिएशन गिळणाऱ्याला आमच्या व्हायवात बाहेरचा रस्ता दाखवला असता. (आयएमडीबी साधी सरासरी घेत नाही, मतांना वजन देते, हे मान्य. पण ते वजन नक्की कसं ठरतं हे ते मुद्दामच सांगत नाहीत.)

त्यात झुंडी. २०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' थिएटरला लागायच्या आधीच लोक त्यावर तुटून पडले. शेवटी रॉटन टोमॅटोजला प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. न बघितलेल्या सिनेमावर मत!

आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो. घेणारा हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग बोली लावतो. चुकला तर स्वतःचा खिसा फाटतो. एक स्टार द्यायला काय लागतं? अंगठा.

बरं, नाव आणि कंपू बाजूला ठेवून सायफाय तपासता येतं का? येतं की. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा आली. पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. नावाच्या जोरावर हवे तेवढे स्टार मिळाले असते अशा माणसाने नाव काढून ठेवलं, कारण त्याला कथेबद्दलचं मत हवं होतं. आणि परीक्षकांनी ती वाचली होती, हे महत्त्वाचं.

'अरे पण वेळ कुठंय? ऑफिस, ट्रॅफिक... आकडा बघूनच ठरवणार ना माणूस?' हे मला रोज ऐकवतात. ठीक आहे. पण मूळची 'स्टार ट्रेक' आठवा. १९६६ ते ६९, ७९ भाग, आणि प्रेक्षक कमी म्हणून बंद. आकड्यानेच मारली तिला. पुनःप्रक्षेपणांनी जगवली, इतकी की १९८० च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर आमच्या काका लोकांनीही बघितली. कुणालाही न विचारता, कारण दुसरं काही लागतच नव्हतं :)

माझी खरी पोटदुखी पुढे आहे. आपल्याकडे सायफाय मालिका बोटांवर मोजण्याइतक्या. दूरदर्शनची 'स्पेस सिटी सिग्मा', मग १९९८ ची केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम'. व्योमचे इफेक्ट्स आज बघून हसू येतं, पण त्या काळी तेवढं धाडस करायलाही छाती लागत होती. त्याला आता पाच द्यायचे की नऊ? उद्या कुणी हिंमत करून मराठीत अंतराळाची मालिका काढली, तर पहिल्याच संध्याकाळी आपलीच पोरं 'नेटफ्लिक्ससारखं नाही' म्हणून एकेक स्टार टाकून मोकळी होतील. तिसऱ्या भागात ती सुधारली तर ते बघायला असणार कोण?

असो. त्या सातारकराने शेवटी डिस्कव्हरीचा पहिला सीझन बघितला एकदाचा. काळ पुन्हा पुन्हा मागे जातो तो सातवा भाग जाम आवडला म्हणे, शेवट मात्र गंडलाय. मी म्हटलं शेवट ठीक आहे, क्लिंगनांची लांबलचक भाषणं कापायला हवी होती. तासभर वाजलं आमचं. ऑरव्हिल अजून बाकी आहे.