फुकटाची मक्तेदारी

कराडच्या बाजारपेठेत माझं किराणा दुकान आहे. गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लावलाय, तरी गिऱ्हाईक विचारतंच, "मामा, फोनपे चालंल का गूगल पे?" यूपीआयचा कुठलाही कोड कुठल्याही ॲपने चालतो, पण लोकांच्या लेखी ॲप म्हणजेच बँक. प्रत्यक्षात ही ॲप्स त्रयस्थ. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात नेतात त्या बँकाच, आणि यूपीआयमध्ये शिरायलाही ॲपला बँकेचं बोट धरावं लागतं.

ते बोट सुटलं की काय होतं, हे ५ मार्च २०२० ला दिसलं. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि तिच्या एकटीच्या भरवशावर असलेलं फोनपेचं यूपीआय ठप्प झालं. ज्यांचं खातं दुसऱ्याच बँकेत होतं, तेही अडकले. शेवटी आयसीआयसीआय बँकेचा आधार घेऊन गाडी रुळावर आली.

आता मोठी ॲप्स एकाहून जास्त बँका जोडून ठेवतात. पण गर्दी बँकेकडून ॲपकडे सरकली. यूपीआयचे बहुतांश व्यवहार दोनच ॲपवरून होतात. कुणाकडेही ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं. मुदत २०२२ अखेरची होती. ती २०२४ झाली, मग २०२६. ही मर्यादा पाळायची कशी? माझ्या गिऱ्हाइकाला 'जागा नाही' म्हणून परत पाठवणार?

खरी मेख फुकटात आहे. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही. मला ते सोयीचंच आहे, नाकारत नाही. (साउंडबॉक्सचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला जातं.) पण शुल्कच नसेल तर नवं ॲप जगणार कशावर? तोटा सोसायची ताकद असलेलेच टिकतात, तेच कर्ज आणि विमा विकून कमावतात. सरकार छोट्या दुकानांतल्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर प्रोत्साहन देतं, पण त्याची रक्कम दरवर्षी सरकारच्या मर्जीवर.

म्हणून मोठ्या मॉलवाल्यांकडून थोडं शुल्क घ्या, आम्हाला वगळा आणि ते पैसे नव्या ॲपपर्यंत पोहोचू द्या. त्याशिवाय ३० टक्क्यांचा नियम कागदावरच राहणार.

तोवर दुकानदार मंडळींनी एक करावं: दुसऱ्या कंपनीचं ॲप, दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडून, चालू ठेवावं. पैसे अडकले तर आधी ॲपमध्येच तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा, मग बँकेची पायरी चढावी.