फॅट किती लागली?

आमच्या सोमेश्वरनगर भागात सकाळी डेअरीच्या रांगेत एकच प्रश्न असतो, ‘फॅट किती लागली?’ दुधाचा दर तिच्यावर ठरतो. म्हशीचं दूध सहाच्या खाली आलं की पेंडीपासून गड्यापर्यंत सगळ्यांची झाडाझडती होते. अशा आमच्या घरात मोत्याच्या ताटलीत किती फॅट पडते, हे मात्र नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही.

गेल्या आषाढात मटण झालं. पाहुणे उठल्यावर चरबीचे तुकडे, पातेल्यातला कट आणि वर आईनं मायेनं ओतलेली साय, असं मोत्याला पोटभर मिळालं. सकाळी तो ओसरीवर विचित्र उभा होता. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. ‘नमस्कार घालतोय,’ म्हणून पोरं हसली. मग उलट्या सुरू झाल्या, पाणीही ठरेना. पोटाला हात लावला तर जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर गुरगुरला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज होती. या ग्रंथीचे पाचकरस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचे असतात. ते आधीच जागे झाले तर ग्रंथीलाच पचवू लागतात. कुत्र्याला हे दर वेळी कशामुळे होतं ते सांगता येत नाही. पण अंगानं सुटलेलं कुत्रं आणि एकदम खाल्लेलं तुपकट अन्न, ही जोडी धोक्याची. मोत्या दोन्हींत बसत होता. चार दिवस सलाईन, वेदना आणि उलटी थांबवणारी इंजेक्शनं, तेव्हा कुठे तो शेपटी हलवू लागला.

खरी लढाई घरी आल्यावर झाली. मऊ भात, कातडी काढून उकडलेलं कोंबडीच्या छातीचं मांस, थोडा दुधी. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. तूप, साय, वजडी, शेंगदाणे बंद. (शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, आणि आमच्याकडे येणारा जाणारा मूठभर टाकायचा.) कांदा-लसूण तर कुत्र्याला एरवीही विषारी. पूर्वी अशा कुत्र्याला बरेच दिवस उपाशी ठेवत. आता उलटी आटोक्यात आली की लवकर खायला सुरुवात करतात. मात्र नुसता भात-कोंबडी वर्षानुवर्षं पुरत नाही, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. म्हणून पुढचा आहार डॉक्टरांकडूनच ठरवून घेतला. कमी चरबीचं तयार खाद्य मिळतं, पण ते खिशाला जड.

आई चिडली. ‘मुक्या जिवाला कोरडं घालू? माझ्या हातून होणार नाही.’ तिला मी दोष देत नाही. आपल्याकडे माया तुपाच्या धारेनंच मोजतात, आणि मोत्याला ती धार सगळ्यांत जास्त तिनंच दिली होती. तिला पटलं ते माझ्या बोलण्यानं नाही. एका रात्री तिनं चोरून तुपाची चपाती दिली, आणि पहाटे मोत्या पुन्हा त्या नमस्काराच्या अवस्थेत. दुसऱ्यांदा दवाखान्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन तीच बसली होती.

दिवाळीत मावशीनं चकली फेकली, मोत्यानं हवेतच झेलली. आई रात्री दोनदा उठून त्याचं पोट चाचपून आली. काही झालं नाही. मावशीशी मात्र ती भाऊबिजेपर्यंत बोलली नाही.