वारंगा फाट्याची खिचडी आणि अमेरिकेचा रॉक बँड: फुकट पसरलेलं नाव टिकवायचं कसं?

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वाटेत वारंगा फाटा लागतो. नागपूर-तुळजापूर महामार्गही इथूनच जातो. त्यामुळे गाड्यांची वर्दळ कायम, आणि इथं थांबलेला माणूस हमखास खिचडी मागवतो. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्याची ओळखच खिचडी झाली आहे. ही ओळख पसरवली ती खाऊन पुढं गेलेल्या लोकांनी.

लोकांच्या तोंडून नाव मोठं होण्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘ग्रेटफुल डेड’ हा अमेरिकन रॉक बँड. 1965 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या बँडवर 2010 मध्ये मार्केटिंगचं पुस्तकही आलं.

या बँडनं असं वेगळं काय केलं?

इतर बँड कार्यक्रमात रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हाकलून लावायचे. यांनी मात्र ते चालू दिलं. 1984 पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली. अट एकच, टेप एकमेकांना द्यायच्या, विकायच्या नाहीत. टेप हातोहात फिरल्या, त्या ऐकून नवे लोक तिकीट काढायला लागले. अमेरिकेच्या टॉप 10 मध्ये त्यांचं एकच गाणं पोहोचलं, तेही 1987 साली. पण कार्यक्रमांना गर्दी वर्षानुवर्षं होत राहिली.

मग सगळंच फुकट सोडलं होतं का? तर नाही. कवटी आणि त्यात वीज, हे त्यांचं प्रसिद्ध चिन्ह. ते मुळात 1969 च्या सुमारास आलं, कारण अनेक बँडचं सामान एकत्र पडायचं आणि आपल्या पेट्या ओळखू येत नव्हत्या. म्हणजे गाणी सगळीकडे फिरू दिली, पण खरा माल कुणाचा याची खूण स्वतःकडे ठेवली.

वारंग्याचा प्रश्न नेमका इथंच आहे. हे नाव एका हॉटेलचं नाही, गावाचं आहे. निव्वळ गावाच्या नावावर एकट्यानं ट्रेडमार्क मिळवणं भारतात अवघड असतं. उद्या दुसऱ्या शहरात कुणी ‘वारंगा खिचडी’ची पाटी लावली आणि खिचडी बेचव निघाली, तर नाव खराब होणार ते फाट्यावरच्या हॉटेलांचं.

यावरचा एक मार्ग हिंगोली जिल्ह्यातच दिसतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन एका व्यापाऱ्याचं नसतं, त्या भागातले नोंदणी केलेले उत्पादक ते वापरतात. 10 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, हळद शेतात पिकते, शिजवलेल्या पदार्थाचं काय? तर हैदराबादी हलीमला 2010 मध्येच जीआय मिळालंय, आणि त्यासाठी अर्ज हलीम बनवणाऱ्यांच्या संघटनेनं केला होता. पदार्थ कसा बनवायचा, हे त्यात ठरवून द्यावं लागलं.

अवघड काम तेच आहे. शेजारी-शेजारी धंदा करणाऱ्या हॉटेलवाल्यांना आधी एकत्र बसून तांदूळ कोणता, डाळ किती, मसाला कुठला हे ठरवावं लागतं. ते ठरलं, तर लोकांनी फुकट दिलेलं नाव पुढच्या पिढीच्याही कामी येईल. नाहीतर ज्याची पाटी मोठी, त्याची खिचडी वारंग्याची!