अमेरिकेत कोर्स 'ड्रॉप' केला तर व्हिसा जातो का? वेटलिस्टवर बसण्याआधी हे गणित समजून घ्या

२७ मे २०२५ रोजी भारतातल्या अमेरिकन दूतावासानं एक्सवर एक इशारा दिला. विद्यापीठाला न कळवता शिक्षण सोडलं, वर्ग बुडवले किंवा अभ्यासक्रमातून बाहेर पडलात, तर विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाची पात्रताही जाऊ शकते, असं त्यात म्हटलं होतं.

त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद झाल्या होत्या. कोर्टात दाद मागितल्यावर त्या पूर्ववत करायला सुरुवात झाली. म्हणजे वातावरण आधीच तापलेलं होतं. अशा वेळी तिकडे शिकणाऱ्या मुलीनं घरी फोनवर "आई, एक कोर्स ड्रॉप केला" असं सांगितलं, तर इकडे सांगली-सोलापुरात धडकी भरणारच.

पण हा 'ड्रॉप' आणि दूतावासाचा 'ड्रॉप आउट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका चुकीच्या क्लिकवर पहिल्यातून दुसऱ्यासारखंच संकट उभं राहू शकतं, एवढं मात्र खरं. ते कसं, हे नीट बघू.

'ड्रॉप' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'ड्रॉप घेतला' म्हणजे नीट किंवा जेईईसाठी अख्खं वर्ष थांबला. अमेरिकेत 'ड्रॉप' म्हणजे टर्ममध्ये घेतलेल्या तीन-चार विषयांपैकी एक सोडणं. आपल्याकडे विषय बहुतांशी ठरलेले असतात. नापास झालात तर एटीकेटी लागते, पण विषय मध्येच सोडून द्यायची सोय सहसा नसते. तिकडे दर टर्मला विषय विद्यार्थीच निवडतो आणि सुरुवातीचे एक-दोन आठवडे ते बदलायची मुभा असते. याला 'ॲड-ड्रॉप'चा काळ म्हणतात. या काळात कोर्स सोडला तर गुणपत्रिकेवर त्याची खूण राहत नाही आणि बऱ्याच ठिकाणी त्याची फीही परत मिळते.

मुदत संपल्यावर सोडला, तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' येतो. डब्ल्यू म्हणजे विथड्रॉल. त्यानं सरासरी गुण, म्हणजे जीपीए, घसरत नाही. फी मात्र कमी परत मिळते किंवा मिळतच नाही.

काही राज्यांनी या मुभेलाही लगाम घातला आहे. टेक्सासमध्ये २००७ च्या फॉल टर्मपासून सरकारी विद्यापीठात पदवीला आलेल्या विद्यार्थ्याला संपूर्ण पदवीत जास्तीत जास्त सहाच कोर्स असे सोडता येतात. पहिल्या मुदतीत सोडलेले त्यात धरत नाहीत.

मग वेटलिस्ट कुठून आली?

विद्यापीठ तुम्हाला पदवीच्या कार्यक्रमात जागा देतं. त्यातल्या ठरावीक कोर्सची जागा ते राखून ठेवत नाही. मशीन लर्निंगसारख्या कोर्सवर सगळ्यांच्या उड्या पडतात आणि नोंदणी उघडली की तो काही वेळातच भरतो. उरलेले वेटलिस्टवर जातात. कुणी कोर्स सोडला की यादीतला पुढचा आत येतो.

रेल्वेच्या वेटिंगसारखंच हे आहे, पण इथे अडथळे जास्त. काही विद्यापीठांत नंबर लागला की आपोआप नोंदणी होते. काही ठिकाणी ईमेल येतो आणि ठरलेल्या तासांत हो म्हटलं नाही तर जागा पुढच्याला जाते. तुमच्या दुसऱ्या तासाची वेळ आडवी येत असेल, आधीचा आवश्यक कोर्स झालेला नसेल किंवा क्रेडिटची कमाल मर्यादा ओलांडत असेल, तर पहिला नंबर असूनही सिस्टीम तुम्हाला वगळू शकते.

व्हिसाचा संबंध कुठे येतो?

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं टर्ममध्ये 'पूर्णवेळ' शिकलं पाहिजे, असा नियम आहे. पदवीसाठी याचा अर्थ किमान १२ क्रेडिट. पदव्युत्तरसाठी आकडा विद्यापीठ ठरवतं. बहुतेक ठिकाणी तो ९ असतो, काही ठिकाणी त्याहून कमी.

आता हिशेब करा. एमएसला तीन कोर्स, प्रत्येकी ३ क्रेडिट, एकूण ९. समजा साताऱ्याच्या एका मुलीला यातला एक कोर्स नकोसा झाला. हव्या असलेल्या कोर्सच्या वेटलिस्टवर ती दुसऱ्या नंबरवर आहे. नंबर लागेलच म्हणून तिनं नको तो कोर्स आधी सोडला. त्या क्षणी तिच्या नावावर उरले ६ क्रेडिट, कारण वेटलिस्टवरचे क्रेडिट मोजले जात नाहीत. मुदतीपर्यंत नंबर लागला नाही, तर ती पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे एखादा ऑनलाइन कोर्स घेणं. पण पूर्णवेळच्या हिशेबात एका टर्ममध्ये एकच ऑनलाइन कोर्स किंवा ३ क्रेडिट धरले जातात. एक आधीच घेतला असेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

क्रेडिट कमी पडले तर विद्यापीठाला ते 'सेविस' या सरकारी यंत्रणेत कळवावं लागतं आणि विद्यार्थ्याची नोंद बंद होऊ शकते. पासपोर्टवरचा व्हिसा हा देशात शिरण्याचा परवाना. देशात राहण्याचा आणि काम करण्याचा आधार ही सेविसमधली नोंद आहे. ती बंद झाली की कॅम्पसवरची नोकरी थांबते, पदवीनंतर कामाचा अनुभव देणारं ओपीटी हातून जाऊ शकतं. बँकेचं शैक्षणिक कर्ज मात्र थांबत नाही.

नोंद पुन्हा सुरू करून घेण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो साधारण पाच महिन्यांच्या आत करणं अपेक्षित असतं. पण निकाल सरकारच्या हातात.

मग अडचणीत कोर्स सोडायचाच नाही का?

सोडता येतो, पण आधी परवानगी लागते. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक अधिकृत अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात. आजारपण असेल आणि डॉक्टरांचं पत्र असेल, तर एका शिक्षणपातळीत एकूण १२ महिन्यांपर्यंत कमी क्रेडिटची परवानगी मिळू शकते. इंग्रजीची सुरुवातीची अडचण, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं किंवा चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसवलं जाणं, या कारणांसाठीही सवलत आहे. ती एका शिक्षणपातळीत एकदाच मिळते आणि किमान निम्मे क्रेडिट ठेवावेच लागतात. शेवटच्या टर्ममध्ये थोडेच क्रेडिट बाकी असतील, तर तेवढेच घेऊन चालतं.

कळीचा शब्द आहे 'आधी'. कोर्स सोडून मग डीएसओकडे गेलात, तर कारण कितीही खरं असलं तरी नियम मोडलेलाच असतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवर ड्रॉपचं बटण दिसतंय म्हणजे ते दाबायला हरकत नाही, असं समजू नका. ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकच असतं.

यातून एक विचित्र पेच तयार होतो. टर्मच्या मध्यावर नापास व्हायची भीती वाटली, तर अमेरिकी विद्यार्थी डब्ल्यू घेऊन जीपीए वाचवतो. त्याला फार तर शिष्यवृत्तीची किंवा सरकारी मदतीची काळजी. भारतीय विद्यार्थ्याला तोच डब्ल्यू क्रेडिटखाली आणतो. म्हणून जीपीए बुडतोय हे दिसत असूनही अनेकदा त्याला कोर्स रेटत राहावा लागतो.

मग करायचं काय?

पहिलं, हातातली जागा सोडून वेटलिस्टवर बसू नका. अनेक विद्यापीठांच्या पोर्टलवर 'स्वॅप'ची सोय असते. नवा कोर्स मिळाला तरच जुना सुटतो. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमधल्या बेटरमेंटसारखंच हे आहे.

दुसरं, नोंदणी उघडताच किमान क्रेडिट भरतील असे, तुमच्या पदवीत धरले जाणारे कोर्स आधी घ्या. वेटलिस्ट त्यावर वरकड.

तिसरं, ड्रॉपच्या आधी डीएसओला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी "चालेल" पुरेसं नाही.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. कोर्स निवडण्याचं आणि सोडण्याचं स्वातंत्र्य हे तिथल्या शिक्षणाचं मोठं आकर्षण आहे. पण ही मोकळीक तिथल्याच मुलांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेली आहे. लोकप्रिय कोर्सला जागा कमी पडल्या, तर त्याचा भार विद्यापीठावर नाही, वेटलिस्टवरच्या मुलावर पडतो, आणि तो मुलगा परदेशी असेल तर सर्वात जास्त. म्हणून प्रवेशाचं पत्र आलं की रँकिंगइतकाच हाही प्रश्न विभागाला विचारा: मला हवा असलेला कोर्स गेल्या वर्षी किती जणांना मिळाला आणि किती जण वेटलिस्टवरच राहिले?