ताटाशेजारची रिकामी जागा

दीर्घायुष्याची चर्चा आपल्याकडे हल्ली ताटापासून सुरू होते आणि ताटातच संपते. मी राहतो त्या बेंगळूरुच्या बेळ्ळंदूर भागातील दुकानांत नाचणी, वरी आणि राळ्याच्या पाकिटांनी दर्शनी जागा पटकावली आहे. कनकदासांनी सोळाव्या शतकात ‘रामधान्य चरिते’ रचले, त्यात भात आणि नाचणी आपल्या श्रेष्ठत्वाचा वाद घेऊन रामापुढे जातात. राम दोघांनाही सहा महिने कोंडून ठेवतो. भात कुजतो, नाचणी टिकते. कष्टकऱ्यांच्या धान्याची बाजू घेणारे ते काव्य होते. आज तेच धान्य उंच इमारतींतील ग्राहकांसाठी महागड्या वेष्टनात येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाचणीचा हा विजय पाहून गंमत वाटते, एवढे खरे.

आहार गौण आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि गोव्यात तर प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास १९९३ पासून चालवला. आपली बाळे वजनाने कमी, पण शरीरातील चरबीच्या प्रमाणात मात्र कमी नाहीत, हे त्यातून जगापुढे आले. भात-पोळीचा भार हलका करून डाळी-उसळी वाढवा, हा वैद्यकाचा सल्ला अशा समाजात योग्यच आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचे गाव आहे, दक्षिण इटलीतून आलेल्या स्थलांतरितांनी वसवलेले. १९६०च्या दशकात डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ यांच्या असे लक्षात आले की, शेजारच्या बँगोर गावाच्या तुलनेत येथे हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण फारच कमी आहे. मंडळी डुकराच्या चरबीत स्वयंपाक करीत, धूम्रपान करीत. आहारशास्त्राच्या परीक्षेत सपशेल नापास होणारे गाव. पण तीन पिढ्या एका घरात, जेवण एकत्र आणि सगळे गाव एकमेकांच्या दारात. पुढे मुले दूर गेली, कुंपणे उभी राहिली आणि काही दशकांत रोझेटोचा मृत्युदर शेजाऱ्यांच्या बरोबरीला आला. एका लहान गावावरून सिद्धान्त बांधू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या पुरुषांवरील मार्मट आणि साइम यांचा १९७६चा अभ्यास मला अधिक वजनदार वाटतो. ज्यांनी जपानी पद्धतीचे घट्ट सामाजिक संबंध जपले, त्यांच्यात हृदयरोग जपानइतकाच कमी होता. जे अमेरिकी रीतीत पूर्ण मिसळले, त्यांच्यात तो कित्येक पटींनी अधिक होता. हा फरक आहार, धूम्रपान वा रक्तदाब यांनी पुरता उलगडत नव्हता. आजारी माणूसच एकटा पडतो, म्हणून एकटेपण आणि मृत्यू जोडीने दिसतात, अशी शंका घेता येते. मात्र कॅलिफोर्नियाच्याच अलामेडा परगण्यातील सुमारे सात हजार रहिवाशांचा नऊ वर्षे माग ठेवणाऱ्या बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये आरंभीच्या प्रकृतीचा हिशेब धरूनही तोच संबंध दाखवला.

शतायुषींच्या बेटांची जी वर्णने सध्या खपतात, त्यांच्याविषयी मात्र मी जरा हात राखून बोलतो. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या अर्जांवर ज्याने सह्या केल्या आहेत, त्याला वयाच्या दाखल्याचे मोल ठाऊक असते. आपल्याकडे एका पिढीतील असंख्य लोकांचा जन्म १ जूनलाच झाला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. जपानची नोंदवही आपल्याहून कितीतरी चोख. पण तेथेही २०१० मध्ये शंभरी ओलांडलेल्या दोन लाखांहून अधिक माणसांचा ठावठिकाणा लागेना, केवळ कागदावर ती हयात होती. तेव्हा अमुक खोऱ्यात किती शतायुषी आहेत, यावर विसंबण्यापेक्षा वर सांगितल्यासारखे माग ठेवणारे अभ्यास बरे.

त्या बेटांपैकी ओकिनावाची एक गोष्ट तरीही घेण्याजोगी आहे. तेथील ‘मोआई’ या मित्रमंडळांचे कौतुक जगभर होते. मुळात ती आहे भिशी! ठरावीक जणांनी दरमहा पैसे जमवायचे, आळीपाळीने एकाला द्यायचे आणि त्या निमित्ताने एकत्र बसायचे. आपल्या आळीतल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. त्याच ओकिनावात अमेरिकी तळांच्या आगेमागे डबाबंद मांस आणि बर्गर आले, आणि २००० सालच्या गणनेत तेथील पुरुष आयुर्मानात देशात चौथ्या क्रमांकावरून २६व्या क्रमांकावर घसरले. नुसत्या भिशीने भागत नाही, तसे नुसत्या नाचणीनेही भागत नाही.

जपानच्याच वृद्धांवरील आणखी एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष मला बेळ्ळंदूरसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. घरात इतर माणसे असूनही जे वृद्ध पुरुष एकट्याने जेवतात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण घरच्यांसोबत जेवणाऱ्यांच्या जवळजवळ दीडपट आढळले. येथील इमारतींत पुण्याहून, नाशिकहून, बेळगावहून नातवंडे सांभाळायला आलेले आजी-आजोबा मी रोज पाहतो. मुलगा आणि सून बाह्यवळण रस्त्यावरच्या कार्यालयांत. त्यांचा दिवस अमेरिकेच्या घड्याळावर संपतो. आजोबांची साखर मोजली जाते, मीठ मोजले जाते, गोळ्यांची डबी आठवड्याच्या वारांप्रमाणे भरलेली असते. साडेसातला ते झाकलेले ताट उघडतात आणि दूरचित्रवाणीसमोर जेवतात. कन्नड येत नाही, खालच्या बागेत कोणाशी बोलावे हा प्रश्नच. यात मुलांना दोष देणे सोपे आणि बरेचसे अन्यायाचे आहे.

जुन्या पंगतीच्या आठवणीने उसासे टाकण्यातही अर्थ नाही. त्या पंगतीत कोणी कोठे बसायचे हे जात ठरवीत असे, कित्येकांना तर अंगणातही जागा नव्हती. आणि वाढणारी बाई शेवटी, उरलेले, एकटीच जेवत असे. एकट्याने जेवण्याचा हा इतिहास फार जुना आहे, तो तेव्हा पुरुषांच्या वाट्याला आला नव्हता इतकेच.

मग शासनाने यात काय करावे? २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकतो, सोबत नव्हे. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन ६० ते ७९ या वयोगटासाठी दरमहा २०० रुपयांवर थिजले आहे. पण सोबतीला लागणारी जागा ही शुद्ध सार्वजनिक बाब आहे. या शहराच्या जुन्या गावठाणांत अश्वत्थकट्टे आहेत, पिंपळाभोवतीचे आपले पारच ते. रस्तारुंदीत त्यांचा बळी पहिल्यांदा जातो. बेळ्ळंदूर २००७ पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. तेथील तलाव, जो फिरण्या-बसण्याची सर्वांत मोठी जागा ठरला असता, सांडपाण्याने इतका भरला की २०१५ पासून त्याचा फेस आणि त्यावर लागलेली आग जगाने पाहिली. दाद मागावी तर सप्टेंबर २०२० नंतर पुढची पाच वर्षे या महानगराला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. महाराष्ट्रात गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ स्वतःच्या बळावर उभे आहेत, त्यांचीही पहिली अडचण बहुधा खोलीचीच असते.

कर्नाटकात २०१७ पासून इंदिरा कॅन्टीन चालते, महाराष्ट्राने २०२० मध्ये शिवभोजन थाळी सुरू केली. दोन्हीकडे जेवण १० रुपयांत मिळते. स्वयंपाकघर, अन्न आणि अनुदान यांची सोय करणारी व्यवस्था अशी आधीच उभी आहे. दुपारची गर्दी ओसरल्यावर तासभर ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा, पाठ टेकता येईल अशी आठ-दहा बाके टाकावीत आणि ज्याला परवडते त्याच्याकडून पूर्ण किंमत घ्यावी. यासाठी नवे खाते लागत नाही. प्रभाग अभियंत्याच्या अधिकारातला खर्च आहे.