सरड्याची धाव

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आमच्या वस्तीत वाटेल त्याच्या तोंडी असते. मी कॉलेजात नाव घातले तेव्हा माझ्या वडिलांनाही ती ऐकवण्यात आली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नव्हते. असो. पण ज्याच्या नावाने ही म्हण चालते त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

सातारा जिल्ह्यातले चाळकेवाडीचे पठार हजार मीटरांहून उंच. वर नुसते कातळ, गवत आणि वारा. तिथल्या एका सरड्याच्या नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी कातडीची घडी असते. पावसाळ्याआधी, विणीच्या दिवसांत, तो दगडावर चढून ती उघडतो आणि निळा, काळा, नारिंगी रंग उन्हात झळकतो. २०१६ साली ही नवी जात म्हणून नोंदली गेली व नाव ठेवले 'सरडा सुपर्बा'. आपण शिवीसारखा वापरतो तो मराठी शब्द शास्त्रज्ञांनी मानाने उचलला!

या पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणूस जवळ आला तरी चटकन पळेनात. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की त्याच सरड्यांच्या गळ्यांचे रंग फिके पडले होते. वरचा पक्षी गेला की खालच्याचे सारे जगणेच बदलते; नुसती संख्या वाढली म्हणजे बरे चालले असे नव्हे.

पवनचक्क्या नकोत असे मी म्हणत नाही. रात्री अभ्यासाला दिवा मलाही लागतो. माझे भांडण 'पडीक' या शब्दाशी आहे. झाड दिसले नाही की जमीन रिकामी! घाटकोपरच्या टेकडीवरची आमची वस्तीही एका नकाशावर कित्येक वर्षे मोकळी जागाच होती, आणि आम्ही तिथे पाण्याच्या रांगेत उभे होतो. बोरिवलीच्या जंगलातला बिबट्या निदान पेपरात तरी येतो. गवतातल्या सरड्याला कोण विचारतो?

अशा पठारावर काहीही उभारण्याआधी तिथे कोण राहते याची मोजणी झाली पाहिजे, आणि तीही मे महिन्यात. पावसाळ्यानंतर कासची फुले पाहायला आपण सारे साताऱ्याला धावतो, तेव्हा या बिचाऱ्याचा हंगाम केव्हाच सरलेला असतो.